वापरू द्यावे, पण कोणी? : इंग्रजी कर्मणीमागचा ‘टू’ आणि महाड-पोलादपूर

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. ठराव इंग्रजीत होता आणि त्याचा सगळा भार चार शब्दांवर होता : ‘बी अलाऊड टू यूज’. ‘अलाऊड’ हे कर्मणी क्रियापद. ‘टू यूज’ हे त्यामागून येणारे रूप. शाळेत आपण त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतो, संस्कृत शिकलेले तुमन्त म्हणतात. पाणी वापरणारे कोण, हे त्या वाक्यात आहे. वापरू देणारा कोण, हे त्यात कुठेच नाही. त्या रिकाम्या जागेत महाडच्या चवदार तळ्याचा पुढचा चौदा वर्षांचा इतिहास घडला.

कर्मणी क्रियापद आणि त्यामागे ‘टू’ ही जोडी आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत अर्ध्या पानात उरकली जाते. प्रयोग बदला, पाच वाक्ये सोडवा, गुण घ्या. पण हुकूम, परवानगी, मनाई, सक्ती आणि ऐकीव बातमी या पाचही गोष्टी इंग्रजीत बहुतेक वेळा याच साच्यातून किंवा त्याच्या शेजारच्या साच्यातून येतात, आणि तिथून त्या आपल्या सरकारी मराठीत उतरतात. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांनी गेल्या शंभर वर्षांत या पाचही गोष्टी भोगल्या आहेत. म्हणून हा प्रश्न इथल्या उदाहरणांवर तपासून पाहावा असे वाटते.

आधी इंग्रजीचा नियम नीट पाहू. या जोडीचे सरळ तीन ढीग पडतात.

पहिला ढीग सांगण्या-सवरण्याचा. आस्क, टेल, ऑर्डर, अलाऊ, पर्मिट, ॲडव्हाइज, फोर्स, रिक्वायर, रिक्वेस्ट. ‘द पोलीस टोल्ड देम टू लीव्ह’ याचे ‘दे वेअर टोल्ड टू लीव्ह’ होते. ज्याला सांगितले तो उचलून कर्त्याच्या जागी बसतो आणि ज्याने सांगितले तो निघून जातो. ‘बाय द पोलीस’ असे शेवटी जोडता येते, पण व्यवहारात फार कमी वेळा जोडले जाते.

दुसरा ढीग लहान आहे, पण मुले सर्वांत जास्त इथेच अडखळतात. मेक, सी, हिअर या क्रियापदांना कर्तरीत ‘टू’ लागत नाही, कर्मणीत मात्र लागतो. ‘दे मेड हिम साइन’, पण ‘ही वॉज मेड टू साइन’. ‘दे सॉ हर एंटर’, पण ‘शी वॉज सीन टू एंटर’. ‘हेल्प’ कर्तरीत दोन्ही बाजूंनी चालते, कर्मणीत ‘टू’ घेतेच. ‘लेट’चे असे कर्मणी रूप जवळपास वापरात नाही, तिथे इंग्रजी माणूस ‘अलाऊ’कडे वळतो. आणि ‘आय हॅड हिम साइन’ यातल्या ‘हॅव्ह’ला कर्मणी मुळीच नाही.

तिसरा ढीग ऐकीव गोष्टींचा : से, बिलीव्ह, थिंक, रिपोर्ट, नो, फीअर. ‘ही इज सेड टू बी रिच.’ याचे वेगळेपण असे की ‘से’पुरते या वाक्याला कर्तरी भाऊच नाही. ‘दे से हिम टू बी रिच’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. ‘रूमर्ड’ तर आज कर्मणीतच जगते. म्हणजे काही बोलणी अशी आहेत की त्यांना बोलणारा मुळातच नसतो आणि भाषेने त्यासाठी खास जागा राखून ठेवली आहे. लॅटिनमध्ये हाच साचा ‘डिकितुर’ या क्रियापदाबरोबर सर्रास चालत असे, आणि लॅटिनवर वाढलेल्या लेखकांच्या हातून इंग्रजीत त्याला बळ मिळाले. याच ढिगातले ‘सपोज्ड टू’ पुढे घसरत घसरत कर्तव्यावर आले. ‘यू आर सपोज्ड टू साइन हिअर’ यात आता कोणी काही समजत किंवा मानत नाही. सही करणे तुमच्यावर बंधनकारक आहे, एवढाच अर्थ उरला.

मग काही क्रियापदे या साच्यात येतच नाहीत. ‘वाँट’ येत नाही. ‘ही वॉज वाँटेड टू गो’ हे इंग्रजी नव्हे. ‘प्रॉमिस’ही असे येत नाही, आणि त्याचे कारण मला या सबंध विषयात सर्वांत मोलाचे वाटते. ‘शी पर्स्वेडेड मी टू कम’ यात येणारा मी आहे. ‘शी प्रॉमिस्ड मी टू कम’ यात येणारी ती आहे. पहिल्याचे कर्मणी करा : ‘आय वॉज पर्स्वेडेड टू कम’. ती गेली तरी बिघडत नाही, कारण येणारा मी जागेवर आहे. दुसऱ्याचे कर्मणी करायला गेलो की ती वाक्याबाहेर जाते, आणि ‘टू कम’ला कोणी वालीच राहत नाही. वाक्य मोडते. डच अभ्यासक फ. थ. व्हिसर यांनी इंग्रजी वाक्यरचनेच्या इतिहासावर १९६३ ते १९७३ या काळात जे अनेक खंडी काम केले, त्यावरून या निरीक्षणाला भाषाशास्त्रात त्यांचेच नाव पडले. सोप्या मराठीत सांगायचे तर इंग्रजी भाषा परवानगी देणाऱ्याला खुशाल जाऊ देते, पण काम करणाऱ्याला जाऊ देत नाही. ज्याच्यावर काम पडले त्याला ती वाक्यात धरून ठेवते.

आता मराठीकडे येऊ. इथे गोंधळाची पहिली गाठ आपल्या शाळेनेच मारली आहे. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे ‘कर्मणी प्रयोग’ असे समीकरण पाचवी-सहावीपासून डोक्यात बसते. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे आणि राम त्यात ठणठणीत हजर आहे. क्रियापद आंब्याप्रमाणे चालते एवढेच. इंग्रजीतला कर्मणी कर्त्याला हटवण्यासाठी आहे. मराठीतला कर्मणी कर्त्याला ‘ने’ लावून ठेवून घेतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. प्रयोगांची चर्चा तेव्हापासून चालू आहे, आणि ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ या रचनेला व्याकरणकारांनी ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ असे निराळे नाव दिले ते उगीच नव्हे. ही रचना इंग्रजी वाक्यांशी जुळणारी आहे हे त्यांना दिसत होते. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये मराठी व्याकरणाचा पुनर्विचार मांडला, कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी १९८७ मध्ये व्याकरणातले वाद-प्रवाद एकत्र तपासले. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी दक्षिण आशियाई भाषांतल्या कर्मणीवर १९८१ मध्ये प्रबंध लिहिला, तर कॅरोल रोझेन आणि काशी वाली यांनी १९८९ मध्ये मराठीत दोन जुळे कर्मणी आहेत हे दाखवले : एक नेहमीचा आणि दुसरा क्षमता सांगणारा. एवढे काम झाले, तरी वर्गात मात्र जुने समीकरणच चालू आहे. भाषाशास्त्र आणि शाळा यांच्यातले हे अंतर मला खुपते.

मराठीला इंग्रजीचा हा साचा लागतच नाही, याचे खरे कारण बोलण्यात सापडते. पावसाळ्यात पोलादपूरच्या एसटी स्थानकात असले बोलणे रोजचे :

‘गाडी इथंच थांबवायला सांगितलीय.’

‘कोणी?’

‘कंट्रोलरनी.’

पहिल्या वाक्यात सांगणारा नाही, तरी वाक्य कर्मणी साच्यात घालावे लागलेले नाही. मराठी कर्त्याला नुसती वगळते. मात्र वगळताना ‘ने’ची जागा उघडी ठेवते, आणि ऐकणारा त्याच जागेकडे बोट दाखवून ‘कोणी?’ विचारतो. उत्तर त्याच जागेत जाऊन बसते. आता याच गोष्टीचे सरकारी रूप घ्या : ‘गाडी थांबविण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत.’ इथे ‘कंट्रोलरनी’ कुठे बसवणार? ‘कंट्रोलरनी सूचना देण्यात आल्या’ असे होत नाही. ‘यांच्याकडून’, ‘यांच्यामार्फत’, ‘यांच्यातर्फे’ असे जड शेपूट लावावे लागते, म्हणून कोणी लावत नाही. ‘ने’ची जागा बुजली.

आणखी एक फरक आहे. ‘दे वेअर टोल्ड टू लीव्ह’ यात इंग्रजीने निदान ज्यांना सांगितले त्यांना कर्तेपद दिले. मराठीत ‘त्यांना जाण्यास सांगण्यात आले’ यात ते ‘त्यांना’च राहतात. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते, ते ना सांगणाऱ्याचे असते, ना ऐकणाऱ्याचे. इंग्रजीकडून आपण देणाऱ्याला घालवण्याची सोय घेतली, पण घेणाऱ्याला वर बसवण्याची रीत घेतली नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना इंग्रजी मसुद्यांच्या भाषांतरातून बळावली असे माझे मत आहे. भाषा संचालनालय ६ जुलै १९६० रोजी स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, राज्यकारभार मराठीत आला. ते काम मोठे आणि गरजेचे होते. पण मसुदा आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, ही सवय कचेऱ्यांत पुष्कळ काळ टिकली, आणि तिच्याबरोबर हा साचाही टिकला.

मराठी राज्यकारभाराची जुनी रीत वेगळी होती, आणि ती याच महाड तालुक्यात, रायगडावर, भरात होती. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो शब्दांसाठी. वाक्यांची घडण मात्र पत्रांतून दिसते. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत हुकूम बहुधा ‘करणे’, ‘पाठविणे’, ‘येऊ न देणे’ अशा नुसत्या तुमन्तासारख्या रूपात असतो. पत्राच्या शेवटी ‘जाणिजे’ येते. हे ‘जाणिजे’ म्हणजे जुना कर्मणीच. संस्कृत ‘ज्ञायते’, प्राकृत ‘जाणिज्जइ’ या वाटेने आलेला, दामल्यांच्या परिभाषेत पुराण कर्मणीच्या घराण्यातला. म्हणजे कर्मणीही आहे आणि तुमन्तही आहे. पण पत्राच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचे नाव आहे, ज्याला लिहिले त्याचे नाव आहे, शेवटी मोर्तब आहे. वाक्यात कर्ता नसला तरी कागदावर तो ठळक आहे, त्यामुळे ‘कोणी?’ हा प्रश्न उठतच नाही. कर्मणीचे वावडे धरण्याचे म्हणूनच कारण नाही. देणाऱ्याचे नाव वाक्यात नसेल तर कागदावर दुसरीकडे कुठे आहे, हे विचारावे.

हा निकष घेऊन १९२३ च्या ठरावाकडे परत जाऊ, कारण आपल्या भागातले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे.

कायदेमंडळाने शिफारस केली. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने तिच्यावर आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरता अंमल करावा, असे खातेप्रमुखांना त्यात सांगितले होते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र भाषा बदलली. तिचा आशय असा : कलेक्टरांना विनंती करण्यात यावी की त्यांनी आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा की त्यांनी ही शिफारस स्वीकारणे कितपत इष्ट आहे याचा विचार करावा. एकेक दुवा मोजून पाहा. विनंती करायची, सल्ला द्यायचा, विचार करायचा, आणि मग जमले तर स्वीकारायचे. इंग्रजीत हे ‘रिक्वेस्टेड टू’च्या मागे ‘टू’ लावत सरळ लांबवता येते. प्रत्येक ‘टू’गणिक जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि शेवटच्या हातात फक्त ‘विचार’ उरतो. पाणी कुठल्याच हातात नाही.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला. चवदार तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास पालिकेची हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता. हरकत नसणे म्हणजे देणे नव्हे. तळे होते तिथेच होते, आणि तळ्यावर जाणाऱ्याला रोखणारेही होते तिथेच होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका किंवा स्थानिक मंडळे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांची सरकारी मदत थांबवावी. पहिल्या ठरावातली रिकामी जागा त्यांनाही दिसली होती, असेच यातून म्हणता येते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे तिच्या पाठीशी होती. परिषद आटोपत असताना तळ्यावर जाण्याची सूचना चित्र्यांकडून आली, आणि डॉ. आंबेडकरांच्या मागे सगळी परिषद रांगेने निघाली. त्यांनी पाणी घेतले, मग बाकीच्यांनी घेतले. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर ‘बी अलाऊड टू यूज’ या वाक्यातले ‘बी अलाऊड टू’ त्या दुपारी गळून पडले आणि ‘यूज’ हे क्रियापद माणसांनी स्वतःच्या हातांनी कर्तरीत चालवले. परवानगी देणारा सापडण्याची वाट पाहिली असती तर आणखी किती वर्षे गेली असती, हे पुढच्या घटनांवरून कळते.

त्याच दिवशी तिसऱ्या ढिगाची ताकदही महाडने पाहिली. परिषदेची माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी आवई गावात उठली. कोण म्हणाले, कोणाला सांगितले, याचा पत्ता नाही. ‘आर सेड टू’ एवढाच तिचा आधार. तेवढ्यावर परतीच्या वाटेवरच्या आणि जेवायला बसलेल्या माणसांना लाठ्यांनी मारहाण झाली. पुढे तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून शुद्धीचा विधी झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, पालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ‘हरकत नाही’ ही परवानगी किती तकलादू होती ते त्या एका दिवसात उघड झाले.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. १२ डिसेंबरला काही स्पृश्य मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. इथे इंग्रजीची आणखी एक खोच आहे. परवानगीच्या क्रियापदांना ‘टू’ लागतो. अडवण्याच्या बहुतेक क्रियापदांना ‘फ्रॉम’ लागतो. ‘अलाऊड टू टेक वॉटर’, पण ‘रिस्ट्रेन्ड फ्रॉम टेकिंग वॉटर’. ‘प्रोहिबिटेड’, ‘प्रिव्हेंटेड’ याच रांगेतले. ‘फर्बिडन’ तेवढे ‘टू’ घेते. आपल्याकडच्या पाट्यांवर ‘प्रोहिबिटेड टू’ सर्रास दिसते, ते चुकीचे आहे. मनाई हुकमाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यात देणारा लपत नाही : न्यायालय, न्यायाधीश, शिक्का, तारीख, सगळे हजर. परवानगीच्या कागदांवर जे नाव सापडत नव्हते ते मनाईच्या कागदावर लगेच सापडले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित ठेवला गेला.

दावा खालच्या न्यायालयांतून वर सरकत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलाचा निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची स्मरणापलीकडची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, तळे नगरपालिकेचे आहे, अपील फेटाळले. निकालाच्या मुळाशी असलेला प्रश्न फार सोपा होता : तळे कोणाचे? म्हणजे देण्याचा अधिकार कोणाचा? १९२३ च्या वाक्यात जे नाव नव्हते ते न्यायालयाला १९३७ मध्ये भरावे लागले.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मणीच वापरला. मराठी संहितेतही अस्पृश्यता ‘नष्ट करण्यात आली आहे’ असेच आहे. पण त्यामागे ‘टू’ नाही. कोणी कोणाला काही करू देण्याची गोष्ट त्यात नाही. वाक्य स्वतःच काम उरकते. आणि देणारे कोण, हे उद्देशिकेत पहिल्याच शब्दांत लिहिलेले आहे : आम्ही, भारताचे लोक. रायगडाच्या पत्रांना लावला तोच निकष इथेही पुरा उतरतो.

तिसऱ्या ढिगापाशी अधिक थांबावे असे अलीकडे दोनदा घडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी वाहून गेली. पहिले काही तास कोणालाच निश्चित काही सांगता येत नव्हते. अशा वेळी इंग्रजी बातमीत ‘आर फीअर्ड टू हॅव्ह बीन स्वेप्ट अवे’ ही रचना येते, आणि तिला दुसरा चांगला पर्याय नाही. ‘फीअर्ड’ म्हणते की खात्री नाही. ‘टू हॅव्ह बीन’ म्हणते की जे झाले ते होऊन गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि अचूक. मराठीत ‘वाहून गेल्याची भीती आहे’ एवढे पुरते. ‘भीती व्यक्त करण्यात येत आहे’ असे लिहिले की ती भीती कोणाची तेच कळेनासे होते. नदीकाठी उभ्या असलेल्या नातलगांची? प्रशासनाची? बातमीदाराची?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी पडल्या, महाड शहर पुरात बुडाले. अशा वेळी गावोगाव बातमी ज्या शब्दावर धावते तो मराठीचा आपला शब्द आहे : ‘म्हणे’. ‘दरड आली म्हणे.’ ‘रस्ता गेला म्हणे.’ एका शब्दात मराठी माणूस सांगून टाकतो की हे मी पाहिलेले नाही, दुसऱ्याकडून ऐकलेले आहे, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीचा ‘इज सेड टू’ नेमके हेच करतो, फक्त कर्त्याला उचलून नव्या जागी बसवून. ‘म्हणे’ वाक्याची घडी मोडत नाही. शेवटी येऊन बसते. लिखित मराठीत त्याची बरोबरी ‘समजते’ आणि ‘कळते’ ही क्रियापदे करतात. ती असताना ‘सांगितले जात आहे’, ‘बोलले जात आहे’, ‘मानले जात आहे’ यांची वृत्तवाहिन्यांवर झालेली दाटी मला अनावश्यक वाटते. ‘म्हणे’ गावच्या पारावर चालते, बातमीत चालत नाही, हे मान्य. पण ‘समजते’ दोन्हीकडे चालते.

वर्गातल्या चुकांकडे आता वळतो, कारण त्यांत मराठीची छाया स्पष्ट दिसते. मराठीत ‘सांगणे’ एकच, त्यामुळे ‘मला जायला सांगितले’ याचे ‘आय वॉज सेड टू गो’ होते. हवे ‘टोल्ड’. ‘सेड टू’ आले की अर्थच फिरतो : मी जातो असे लोक म्हणतात. ‘त्याने मला सुचवले’ यावरून ‘आय वॉज सजेस्टेड टू अप्लाय’ येते. ‘सजेस्ट’ला हा साचा मुळीच मान्य नाही, ‘ॲडव्हाइज्ड’ हवे. ‘मला समजावले’ याचे ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड’ होते, तेही चुकीचे. ‘करायला लावले’ आणि ‘करू दिले’ यांतला फरक मात्र मराठी मुलाला जन्मजात येतो. ‘मेड टू’ आणि ‘अलाऊड टू’ तिथूनच शिकवावेत. ‘लावणे’ला ‘मेड टू’, ‘देणे’ला ‘अलाऊड टू’, ‘सांगणे’ला ‘टोल्ड टू’. ‘-ऊ देणे’ आणि ‘-ला लावणे’ या आपल्या रचना पक्क्या असताना मुलांना सूत्रे पाठ करायला लावण्याची काही गरज नाही.

न्यायालयांच्या आणि भूसंपादनाच्या इंग्रजीत या साच्याचा अतिरेक आढळतो : ‘द लँड सॉट टू बी अक्वायर्ड’. कर्मणीमागे पुन्हा कर्मणी. इंग्रजीतल्या वापरावर १९२६ मध्ये कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी अशा दुहेरी कर्मणीला स्पष्ट नापसंती दाखवली होती. तरी भारतीय न्यायालयीन इंग्रजीत तो घट्ट रुतलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात महाड-पोलादपूरकडच्या शेतकऱ्यांना भूसंपादनाच्या कागदांशी चांगलाच परिचय झाला. ‘संपादित करावयाची जमीन’ हे मराठी रूप त्या इंग्रजीहून आटोपशीर आहे. ‘-वयाचा’ हे आपले कृदन्त दुसऱ्या कर्मणीची गरजच ठेवत नाही.

राहता राहिल्या सूचना. सावित्रीला पूर येतो तेव्हा ‘नागरिकांना सतर्क राहण्याचे आवाहन करण्यात येत आहे’ हे वाक्य कितीही वेळा वाचले तरी पाय उचलायला लावत नाही. ‘नदीकाठच्या रहिवाशांनी आत्ताच घर सोडून शाळेत यावे’ यात विध्यर्थ आहे, ‘रहिवाशांनी’ हा कर्ता आहे, वेळ आहे, ठिकाण आहे. खाली तहसीलदारांची सही असली की देणाराही आला. उलट, ‘घाट वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे’ हे वाक्य जसेच्या तसे ठेवायला माझी ना नाही. बिरवाडीहून भोरकडे निघालेल्या चालकाला आधी घाट बंद आहे एवढेच हवे असते, आणि वरंध घाटासाठी पावसाळ्यात असे आदेश निघत आले आहेत. पण त्याच आदेशात पुढे ‘पर्यायी मार्गाने जाण्यास सांगण्यात येत आहे’ असे आले की तो चालक माणगावला वळून ताम्हिणीने पुण्याला जाईल की पोलादपूरला उतरून आंबेनळीने महाबळेश्वराकडे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. तिथे रस्त्याचे नाव, तारीख आणि आदेश काढणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांचे पद, तिन्ही पाटीवर लिहिलेले हवे.